तापलेली थप्पी

पोत्यात हात घातला तो कोपरापर्यंत गेला आणि तसाच मागं आला. आतलं सोयाबीन गरम होतं. कोंबडी नुकतीच उठून गेल्यावर अंडी असतात, तेवढं गरम. मी दुसऱ्या पोत्यात हात घातला, मग तिसऱ्यात. थप्पीच्या बाहेरच्या ओळीतली पोती थंड होती. आतली सगळी तापली होती. आंबलेल्या पिठाचा वास येत होता.

हमाल माझ्या शेजारी उभा होता. वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान, आमच्याच गाळ्यात पोती वाहून म्हातारा झालेला. तो म्हणाला, "भाभी, थप्पी तापलीया."

"कळलं मला."

"ओला माल घेतलासा तुमी."

"ते पण कळलं."

तो माल माझा नव्हता. डोंगराकडच्या एका गावातल्या नऊ बायकांनी मिळून वाट्यानं जमीन केली होती, त्यांचं ते सोयाबीन. मळणीच्या दिवसांत सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव पडतो. म्हणून त्यांनी तो दिवाळी होईपर्यंत माझ्या गाळ्यात ठेवला होता. उतरवून घेताना मी प्रत्येक पोत्यातला दाणा चावून बघितला होता आणि सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "कोरडा हाय. खुशाल ठेवा."

दाण्यात ओल असेल तर थप्पीत तो तापतो, तापला की बुरशी धरते, बुरशी धरली की काळा पडतो. मग तेलाची गिरणी त्याच्याकडं बघतही नाही. नऊ घरांचं पीक माझ्या एका शब्दावर रचलं होतं आणि तो शब्द खोटा निघाला होता.

का खोटा निघाला ते सांगते, कारण रहिमतपूरच्या बाजारात त्यावर बऱ्याच गोष्टी उठल्या. कुणी म्हणालं, म्हातारीला दिसत नाही. कुणी म्हणालं, बायकांना बुडवायला मुद्दाम केलं. खरं कारण माझे दात होते.

आमच्या धंद्यात धान्याची परीक्षा अंगानं करतात. भुईमुगाची शेंग कानाशी धरून हलवायची. आत दाणा खुळखुळला तर वाळलेली. शाळूचा दाणा नखानं फोडायचा. सोयाबीन चावायचं. कोरडं असेल तर दाढेखाली कट्ट वाजतं आणि दोन फाका होतात. ओलं असेल तर आवाज न करता चेपतं आणि दाताला चिकटतं. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिली दोन वर्षं ओला माल घेऊन घेऊन शिकले.

त्या पावसाळ्यात माझे उरलेसुरले दात काढले आणि साताऱ्याच्या डॉक्टरनं कवळी बसवली. भाकरी खाता येते, मटण खाता येतं, तक्रार नाही. पण वरची कवळी खालच्या कवळीवर आपटली की कट्ट वाजते. मधे दाणा असो, भाकरी असो, काही नसो. मी ओलं सोयाबीन चावत होते आणि ऐकत होते माझ्याच कवळीचा आवाज. दाणा फुटला की चेपला हे दाढेला कळायचं, ते प्लास्टिकला काय कळणार? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आली ती तापलेल्या थप्पीत हात घातल्यावर.

ओल मोजायचं मशीन बाजारात होतं. शेजारच्या अडत्याकडं होतं. मी त्याला हसायची. "मशीनला काय दात हायेत?" असं म्हणायची, आणि शेतकरी हसायचे.

एवढा ताठा कुठून आला तेही सांगते. मी चौथी शिकले. नवऱ्याला लकवा मारला तेव्हा मुलगा शाळेत होता आणि गाळ्यात बसायला कुणी नव्हतं. मी डोक्यावर पदर घेतला आणि जाऊन गादीवर बसले. त्या वेळी आमच्याकडं व्यापारी रुमालाखाली हात घालून भाव करत. एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची, त्यावरून आकडा कळायचा, आणि ज्याचा माल तो शेतकरी समोर नुसता उभा. माझ्याबरोबर रुमालाखाली हात घालायला कुणी तयार होईना. परक्या बाईचा हात कोण धरणार? दोन बाजार मी नुसती बसून काढले. तिसऱ्या बाजारी उठून उभी राहिले आणि भाव तोंडानं सांगितला, मोठ्यानं. शेतकऱ्यांनी ऐकला. दुपारपर्यंत माझ्या गाळ्यापुढं बैलगाड्या लागल्या. व्यापारी म्हणाले, बाईनं बाजार नासवला. मी म्हणाले, "नासला तर नासला. तुमी तुमचे रुमाल धुऊन ठेवा."

मग शाळू, गहू, करडई, भुईमूग, आणि पुढं सगळीकडं सोयाबीन झालं तेव्हा सोयाबीन. नमुन्याच्या पिशव्या घेऊन मी एसटीनं सांगलीला जायची. सांगलीकडच्या एका तेलाच्या गिरणीत पहिल्यांदा गेले तेव्हा वॉचमन म्हणाला, "झाडलोटीला बाई नको आहे." मी म्हणाले, "मग सायबाला सांगा, करडई आलीया." साहेबानं करडई ठेवून घेतली. वॉचमन निवृत्त होईपर्यंत मला चहा विचारत होता.

नवरा नऊ वर्षं अंथरुणावर होता, मग गेला. गाळा मी सोडला नाही. तेव्हा माझं नाव होतं ते या दातांवर होतं. भाभीनं चावून कोरडा म्हटला म्हणजे कोरडा, मग कुणी दुसऱ्यांदा बघायचं नाही. अशा नावाची माणसाला सवय लागते.

तर थप्पी तापली. शेजारच्या अडत्याला वास गेलाच. पन्नाशीचा माणूस आहे. त्याचा बाप आणि माझा नवरा एका पिढीचे. तो आत आला, एका पोत्यात हात घालून बघितला आणि दार लोटून घेतलं.

"भाभी, कुणाला बोलू नका. माझ्याकडं कोरडा माल पडून हाय. दोनास एक मिसळा. पोत्याच्या तोंडाला चांगलं लावा आणि गाडी भरा. गिरणीवाले नमुन्याला नळी खुपसत्यात ती तोंडालाच."

"आणि बुडाला खुपसली तर?"

"तर म्हणायचं, बायकांनी दिला तसा आणला. अडाणी बायका त्या, त्यांना कोण इचारतंय."

"मी पण चौथीच हाय रं."

"तुमची गोष्ट येगळी."

"कशी येगळी?"

मी काही साधू नाही. भावात मी घासाघीस केली, रुपयासाठी तोंड वाजवलं. पण तोंडाला एक आणि बुडाला एक असं पोतं मी भरलं नाही. उलट दुसऱ्यांची तशी पोती मी भर बाजारात रस्त्यावर उलटी केली आहेत आणि मालकाला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या आहेत. ज्या बाईनं एवढी पोती उलटी केली, तिनं आपलं पोतं झाकायचं? मी त्याला दार उघडून दिलं.

मग मुलाचा फोन आला. तो साताऱ्याला कारखान्यात आहे. त्याला कुणी कळवलं कोण जाणे, बाजारात भिंतींना फोन आहेत.

"अम्मी, आता पुरे झालं. गाळा भाड्यानं देऊन टाकू. मोबाइलवाला कधीचा विचारतोय."

"त्याला म्हणावं, गाळ्यात सोयाबीन हाय."

"तेच म्हणतोय मी! सडलंय म्हणे ते."

"सडलं न्हाई. तापलंय. सडायला अजून दोन दिवस हायेत. तू फोन ठेव, मला फोन करायचेत."

नऊ बायकांची एक पुढारीण होती. चाळिशीची, काटकुळी, बोलायला तिखट. मी तिला फोन लावला. आडवळण घेतलं नाही.

"तुमचा माल तापलाय. चूक माझी हाय. उद्या सकाळच्या पयल्या गाडीनं नऊजणी या. असतील तेवढ्या ताडपत्र्या आणा."

मग ती म्हणाली, "चाची, तुमी चावून बघितलं हुतं न्हवं?"

"बघितलं हुतं."

"मग?"

"मग उद्या या."

सकाळी त्या आल्या. पुढारणीनं थप्पीतल्या पोत्यातली मूठ काढली, एक दाणा दाताखाली धरला आणि थुंकली. तिचे दात तिचे स्वतःचे होते.

"ह्येला कोरडं म्हणलासा तुमी?"

"म्हटलं."

"आमी तवाच म्हणत हुतो, परतीच्या पावसात भिजलंय, अजून दोन उन्हं देतो. तुमी काय म्हणलासा ते आटवतंय का?"

आठवत होतं. मी म्हणाले होते, "सोयाबीन मला शिकवू नका." ते मी तिथं पुन्हा मोठ्यानं म्हणून दाखवलं, कारण तिला ते म्हणायला लाज वाटत होती आणि मला ते ऐकायचं होतं. नऊजणींतली एक रडायला लागली. तिनं त्या पिकावर मुलीचं काही ठरवलं होतं, मी विचारलं नाही.

"रडून वाळत न्हाई," मी म्हणाले. "ताडपत्रीचं टोक धर."

पुढारीण म्हणाली, "चाची, माल वाचला न्हाई तर?"

"तर गाळा हाय माझा. पळून कुठं जाती मी? या वयात एसटीत पण चढवावं लागतंय मला."

थप्पी फोडायची म्हणजे वरून एकेक पोतं उतरवायचं. हमालानं आकडी लावून पहिलं पोतं पाठीवर घेतलं. गाळ्यात जागा नव्हती. मागल्या अंगणात पसरता आलं असतं थोडंथोडं, कुणाला न दाखवता, पण तेवढ्यानं भागलं नसतं. मी सांगितलं, समोर रस्त्यावर पसरा. तो बाजाराचा दिवस होता. सगळे अडते, सगळे शेतकरी, टेंपोवाले, चहावाला, सगळे बघायला उभे राहिले. ज्यांची पोती मी कधीकाळी उलटी केली होती तेही होते. त्यांचा सण होता.

शेजारचा अडत्या फोन घेऊन चित्रण करायला लागला.

"नीट काढ," मी म्हणाले. "काळा दाणा जवळून घे, म्हंजे दिसंल."

तो म्हणाला, "भाभी, मशीनला दात न्हाईत म्हणत हुतासा. पर तुमाला तरी कुठं हायेत?"

लोक असे हसले की रस्त्यावरची कुत्री उठली. बोलणं बरोबर होतं आणि चांगलं जमलं होतं, हे मला तिथल्या तिथं कळलं. मी तोंडातली कवळी काढली, रुमालात बांधली आणि बोळक्या तोंडानं त्याला म्हणाले, "न्हाईत. ह्ये बघ, एक पण न्हाई. आणि उन्हात उभी मी हाय. ज्यास्नी दात हायेत त्यांनी नुसतं दाखवू नका, पोती उचला."

पुन्हा हसले. पण त्याचेच दोन हमाल हसत हसत पुढं आले आणि थप्पी उतरवायला लागले. अडत्यानं हाक मारली तर एक म्हणाला, "येतो मालक, दहा मिन्टात." ते दुपारी जेवायच्या वेळी गेले.

सोयाबीन पसरलं की ते पायानं उलटायचं असतं. एका कडेनं पाय घासत चालायचं, म्हणजे दाण्यात चर पडतात आणि खालचा दाणा वर येतो. नऊ बायका आणि मी, अनवाणी, दर अर्ध्या तासानं. मधल्या पोत्यांतला माल हाताला अजून कोमट लागत होता. पांढरी बुरशी धरलेला दाणा वेगळा काढून दुसऱ्या ताडपत्रीवर टाकला. माझे गुडघे गेलेले आहेत, त्यांना मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग आले. वारा सुटला. बायकांनी माल ढिगात ओढला आणि वरून ताडपत्र्या टाकल्या. बांधायला दोऱ्या पुरेनात आणि दगड शोधायला वेळ नव्हता, म्हणून त्या ताडपत्रीच्या कडांवर बसल्या. मीही बसले. हमाल पलीकडच्या टोकाला आडवाच झाला. पाऊस अर्धा तास पडला. भिजलो आम्ही. ताडपत्रीखाली थेंब गेला नाही. पुढारीण माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, "चाची, तुमच्यावर लय राग हाय माजा."

"असू दे. कड सोडू नको."

तिसऱ्या दिवशी सकाळपासून कडक ऊन पडलं. संध्याकाळी माल हाताला हलका लागायला लागला, पायाखाली वाजायला लागला. मी सवयीनं दाणा उचलला आणि पुढारणीनं माझं मनगट धरलं.

"चाची, आता तुमी चावू नका."

"चावत न्हाई."

मी शेजारच्या गाळ्यात गेले आणि मशीन मागितलं. या सगळ्यात अवघड काही असेल तर ती तीस पावलं. रस्त्यावर माल पसरताना मला काही वाटलं नव्हतं. अडत्या गादीवर बसला होता. मला वाटलं पुन्हा दातांवर येईल. तो म्हणाला, "चालवायला येतंय का?"

"न्हाई. तू दाखव."

त्यानं दाखवलं. वाईट माणूस नाही तो, व्यापारी आहे. मूठभर दाणे भांड्यात घालायचे, झाकण दाबायचं, आकडा दिसतो. बाराच्या आत आला की माल कोरडा. चौथीला मला टिंबाच्या पुढचे आकडे आले नव्हते, पण टिंबाच्या अलीकडचा आकडा वाचता येतो आणि तेवढा पुरतो. मी मशीन घेऊन आले आणि नऊजणींसमोर प्रत्येक ढिगातला दाणा घातला. आकडा मी वाचला नाही, त्यांना वाचायला लावला. पहिला आकडा अकरा आला, तो बघून पुढारीण म्हणाली, "पुन्ना घाला." पुन्हा घातला. तोच आला. मग दुसरीनं तिसऱ्या ढिगातला घालून बघितला. अंधार पडेपर्यंत त्या मशीनला सोडत नव्हत्या. शेवटी अडत्या स्वतः येऊन ते घेऊन गेला.

निम्म्याहून जास्त माल चांगला निघाला. बाकीचा डागी. दोन्ही वेगवेगळ्या पोत्यांत भरले. डागी पोत्यांची तोंडं मी लाल सुतळीनं शिवून घेतली, म्हणजे कुणाला, मला सुद्धा, मोह व्हायला नको.

गाडीबरोबर मी स्वतः गेले. ड्रायव्हर नको म्हणत होता, चढताना त्रास होईल म्हणाला. हमालानं आणि पुढारणीनं मिळून मला वर ढकललं. कराड, इस्लामपूर, पुढं सगळा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. सांगलीला पोचायला दुपार झाली. गिरणीच्या काट्यावर एक तरुण साहेब नळी घेऊन आला.

मी म्हणाले, "पांढऱ्या सुतळीचा माल चांगला हाय. लाल सुतळीचा डागी हाय, थप्पीत तापला हुता. येगळा मोजा."

तो थांबला. "मावशी, असं कुणी सांगत नाही."

"मी सांगती. नळी तोंडाला न्हाई, बुडाला खुपसा."

त्यानं बुडाला खुपसली. मग मधे खुपसली. पांढऱ्या सुतळीचा सगळा माल पास झाला. डागी त्यांनी घेतला नाही. तो एका पेंडवाल्यानं कमी भावात घेतला. जी तूट आली ती माझी होती, ती मी भरली. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. चूक करणाऱ्यानं भरायची असते, त्यात मोठेपणा कसला?

मुलगा रविवारी आला. त्याच्या बरोबर मोबाइलवाला होता, हातात फीत घेऊन. गाळ्याची लांबी मोजायला आला होता. मी गादीवर बसले होते आणि पुढ्यात नवीन मशीन होतं, खोक्यातून काढलेलं.

मुलगा म्हणाला, "अम्मी, हे काय?"

"माझे दात."

"लोक काय म्हणतायत माहीत आहे का?"

"माहीत हाय. माझ्या तोंडावरच म्हणत्यात. एकदा चुकले म्हणून घरी बसायचं असंल तर ह्या बाजारातली निम्मी शटरं बंद होतील. आधी पलीकडच्या ओळीपासून सुरुवात करा, मग माझ्याकडं या."

मोबाइलवाल्यानं फीत गुंडाळली. त्याला मी चहा पाजला. त्याचा त्यात काही दोष नव्हता.

मी अजून गादीवर बसते. मशीननं बघते, शेतकऱ्याला आकडा दाखवते आणि भाव तोंडानं सांगते. हल्ली कुणी म्हणालं की अजून दोन उन्हं देतो, तर मी म्हणते, द्या. हे शिकायला सत्तरी उलटावी लागली. लागली तर लागली.

पुढच्या सुगीला त्या नऊजणींतल्या सातजणी माल घेऊन माझ्याकडं आल्या. दोघींनी शेजारच्या अडत्याकडं घातला. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पुढारीण माझ्याकडं आलेल्या सातांत होती. पोती उतरण्याआधी तिनं मशीन मागून घेतलं आणि स्वतः बघितलं.

हमाल उन्हाळ्यात गेला. छातीचं दुखणं जुनं होतं, सोयाबीनचा त्यात संबंध नाही. त्या नऊही बायका आहेत. मी आहे.